संगणक विक्री-दुरुस्तीची दुकाने आणि विम्याचे संरक्षण

पनवेल तालुक्यातील आपटा हे गाव पाताळगंगा नदीच्या काठी वसले आहे. सह्याद्रीच्या कुशीतून निघालेली ही नदी खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून सोडलेले पाणी सोबत घेऊन धरमतरच्या खाडीकडे वाहत जाते. गावाजवळ कर्नाळ्याचा डोंगर व रसायनीची औद्योगिक वसाहत असून पनवेल-रोहा लोहमार्गावरील स्थानकही गावास लाभले आहे. शेती आणि कारखान्यातील नोकरी यांच्या जोडीला अशा गावांमध्ये गेल्या काही वर्षांत एक नवा व्यवसाय रुजला आहे. संगणक, छपाईयंत्रे व त्यांचे सुटे भाग विकणे आणि बिघडलेली यंत्रे दुरुस्त करून देणे, हा तो व्यवसाय होय. ग्रामपंचायतीचे दाखले, शाळेचे अभिलेख, पतसंस्थेचे हिशेब हे सारे आता संगणकावर आले असल्याने या लहानशा दुकानाशी संपूर्ण गावाचा संबंध येतो.

हा व्यवसाय मात्र अतिशय नाजूक मालाचा आहे. किराणा दुकानात पाणी शिरले तर वरच्या फळीवरील माल पुष्कळदा वाचतो. संगणकाच्या दुकानात गुडघाभर गढूळ पाणी अर्धा तास राहिले तरी टेबलाखालील यंत्रे, विद्युतघट आणि जमिनीलगत ठेवलेली खोकी निकामी होतात. पाणी ओसरले तरी मंडलांवर बसलेला गाळ व क्षार पुढे धातू खात राहतात. रायगड जिल्ह्याला पुराची ओळख नव्याने करून देण्याचे कारण नाही. १९८९ च्या जुलैमध्ये अंबा नदीच्या पुराने जांभूळपाड्याची वाताहत केली. २६ जुलै २००५ रोजीच्या अतिवृष्टीने महाड परिसरात पुराबरोबरच दरडींचेही संकट आणले. २२ जुलै २०२१ रोजी महाड आणि चिपळूण या दोन्ही बाजारपेठा पाण्याखाली गेल्या. त्यानंतर राज्य शासनाने पूरग्रस्त दुकानदारांना जे साहाय्य जाहीर केले, त्याची कमाल मर्यादा ५० हजार रुपये होती. संकटकाळी हा हातभार मोलाचा असला, तरी काही लाखांचा माल गमावलेल्या दुकानदाराला पुन्हा उभे करण्याचे कार्य त्यातून पार पडू शकत नाही. ते कार्य विम्याचे आहे.

दुकानात एकाच छपराखाली तीन प्रकारचा माल

संगणकाच्या दुकानाचा विमा उतरविताना सर्वप्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. दुकानातील सर्व वस्तू दुकानदाराच्या मालकीच्या नसतात. विक्रीसाठी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील घाऊक बाजारातून किंवा अन्यत्रून आणलेला माल हा पहिला प्रकार. दुकानदार स्वतः वापरतो ती हत्यारे, तपासणीची उपकरणे, स्वतःचा संगणक व फर्निचर हा दुसरा प्रकार. ग्राहकांनी दुरुस्तीसाठी ठेवलेली यंत्रे हा तिसरा प्रकार. या तिन्हींची नोंद विमापत्रात वेगवेगळी व्हावी लागते. केवळ 'दुकानातील माल' एवढाच मोघम उल्लेख असेल, तर तिसऱ्या प्रकारच्या मालाची भरपाई सहसा मिळत नाही. कारण विश्वासाने सांभाळण्यासाठी घेतलेला दुसऱ्याचा माल विशेष उल्लेखाशिवाय विम्यात धरला जात नाही. हा माल किती व कोणत्या मूल्याचा आहे, हे प्रस्तावपत्रात नमूद करणे म्हणूनच आवश्यक ठरते.

कोणत्या संकटास कोणता विमा

सर्वसाधारण विम्याच्या व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण १ जानेवारी १९७३ पासून अमलात आले आणि अनेक विमा कंपन्यांचा कारभार चार कंपन्यांत एकवटला. १९१९ साली मुंबईत स्थापन झालेली न्यू इंडिया ही त्यांपैकी एक. १९९९ च्या कायद्यानंतर हे क्षेत्र खाजगी कंपन्यांनाही खुले झाले. आज विमा नियामक प्राधिकरणाने ठरवून दिलेल्या नमुन्यानुसार, एका ठिकाणच्या मालमत्तेचे एकूण मूल्य ५ कोटी रुपयांपर्यंत असणाऱ्या व्यवसायांसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' हे विमापत्र उपलब्ध आहे. ते १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. गावातील संगणकाचे दुकान याच वर्गात मोडते.

आग, वीज कोसळणे, स्फोट, भूकंप, वादळ, पूर, दरड कोसळणे, दंगल आणि पाण्याच्या टाक्या फुटणे अशा आपत्तींपासून या विमापत्राने संरक्षण मिळते. अशी आपत्ती आल्यानंतर तिच्यामुळेच सात दिवसांच्या आत चोरी झाल्यास तीही यात अंतर्भूत होते. पूर ओसरल्यानंतरच्या गोंधळात उघड्या पडलेल्या दुकानांच्या दृष्टीने ही तरतूद महत्त्वाची आहे.

असे असले तरी या विमापत्राने सर्व काही साधते, असे समजणे चुकीचे ठरेल. विजेचा दाब अचानक वाढून किंवा अंतर्गत तारा एकमेकींस भिडून एखादे यंत्र जळाले, तर त्या यंत्राची भरपाई आगीच्या विम्यातून मिळत नाही. त्या ठिणगीतून आग पसरून इतर माल जळाला, तर मात्र त्या इतर मालाची भरपाई मिळते. आकाशातून कोसळणारी वीज आणि तारेतून येणारी वीज यांत विम्याचा कायदा असा भेद करतो. स्वतःच्या उपकरणांना असा विद्युत बिघाड होण्याचा धोका असल्यास इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा स्वतंत्र विमा घ्यावा लागतो. त्यात उपकरणांच्या हानीबरोबर माहिती साठविण्याची साधने आणि पर्यायी यंत्र भाड्याने घेण्याचा वाढीव खर्च यांचाही समावेश करता येतो.

घरफोडीचा विमा हा तिसरा प्रकार. कुलूप तोडून, कौले काढून किंवा अन्य बळाचा वापर करून दुकानात शिरल्याची वा बाहेर पडल्याची खूण असेल, तरच हा विमा उपयोगी पडतो. गर्दीत ग्राहकाने एखादा सुटा भाग खिशात घातला किंवा नोकराने माल लांबविला, तर घरफोडीच्या विम्यातून पैसे मिळत नाहीत. नोकराच्या अप्रामाणिकपणासाठी विश्वासनिष्ठेचा विमा वेगळा असतो. मुंबईहून येणारा किंवा ग्राहकाच्या घरून आणलेला माल वाटेत असताना त्याला दुकानाच्या विम्याचे छत्र नसते. त्यासाठी मालवाहतुकीचा विमा लागतो. ही सारी अंगे एकत्र करणारे 'दुकानदार विमापत्र' अनेक कंपन्या देतात. मात्र त्यातील कोणते विभाग निवडले आहेत, हे सही करण्यापूर्वी वाचून पाहणे हिताचे असते.

विम्याची रक्कम कशी ठरवावी

हप्ता वाचविण्यासाठी मालाचे मूल्य कमी दाखविण्याची प्रवृत्ती आढळते. तिचा परिणाम एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. एखाद्या दुकानात ८ लाख रुपयांचा माल आहे. पण विमा ५ लाखांचाच उतरविला आहे, असे समजू. पुरात ४ लाखांचा माल गेला, तर दुकानदाराला वाटते की नुकसान विम्याच्या रकमेहून कमी असल्याने सर्व पैसे मिळतील. प्रत्यक्षात विमा मूल्याच्या पाच-अष्टमांश इतकाच असल्याने नुकसानीचाही पाच-अष्टमांश भागच, म्हणजे अडीच लाख रुपये, देय होतात आणि त्यातूनही विमापत्रातील ठरावीक वजावट कमी केली जाते. उरलेल्या भागाचा विमा दुकानदाराने स्वतःकडेच ठेवला होता, असे कायदा मानतो. 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' विमापत्रात १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ केली जाते. त्याहून अधिक तूट असल्यास हा प्रमाणाचा नियम लागू होतो.

याउलट, मूल्य फुगवून दाखविण्यानेही काही साधत नाही. विम्यातून प्रत्यक्ष हानी तेवढी भरून निघते. नफा मिळत नाही. विक्रीच्या मालाचे मूल्य खरेदीच्या किमतीवरून ठरते, विक्रीच्या नव्हे. संगणकाच्या भागांच्या किमती लवकर उतरतात, ही गोष्टही येथे लक्षात ठेवावी. दोन वर्षे पडून राहिलेल्या मालाला आजच्या बाजारात जे मोल आहे, तेच मोजले जाते. शाळा-महाविद्यालये उघडण्याच्या सुमारास दुकानात माल वाढतो आणि नेमका तोच पावसाळ्याचा आरंभ असतो. म्हणून वर्षातील सर्वाधिक साठा लक्षात घेऊन रक्कम ठरविणे योग्य.

विमा कायद्याच्या ६४ व्हीबी या कलमानुसार हप्ता आगाऊ मिळाल्याखेरीज कंपनीला जोखीम स्वीकारता येत नाही. नदीचे पाणी वाढू लागल्यावर कंपनीकडे धाव घेऊन उपयोग नाही. त्याचप्रमाणे बँकेच्या कर्जावर उभारलेल्या दुकानाचा विमा पुष्कळदा बँकेमार्फत उतरविला जातो. तो केवळ तारण मालापुरताच आहे काय, रक्कम पुरेशी आहे काय आणि जागेचा पत्ता बरोबर आहे काय, हे दुकानदाराने स्वतः पाहिले पाहिजे. घराच्या पडवीत ठेवलेला जादा माल विमापत्रात नोंदलेल्या जागेत येत नसेल, तर त्यास संरक्षण नाही.

शाळेचा संगणक दुकानात असताना

शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्या दृष्टीने सर्वांत जिव्हाळ्याचा प्रश्न असा की, शाळेचा किंवा ग्रामपंचायतीचा संगणक दुरुस्तीसाठी दुकानात असताना पूर आला, तर तोटा कोणी सोसावा? भारतीय करार अधिनियम, १८७२ याने या प्रश्नाचे उत्तर दिले आहे. त्यातील कलम १५१ प्रमाणे, सामान्य विवेकाचा मनुष्य आपल्या वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी काळजी माल ठेवून घेणाऱ्याने घ्यावयाची असते. कलम १५२ प्रमाणे, अशी काळजी घेऊनही माल नष्ट झाला, तर विशेष करार नसल्यास तो जबाबदार ठरत नाही. म्हणजेच दुकानदाराने इशारा मिळताच यंत्रे उंचावर हलविली असतील आणि तरीही ती बुडाली, तर शाळेस त्याच्याकडून भरपाई मागता येणार नाही. मात्र काम पूर्ण होऊनही दुकानदाराच्या चुकीमुळे यंत्र वेळेवर परत दिले गेले नसेल, तर कलम १६१ प्रमाणे त्या वेळेपासूनच्या हानीस तो जबाबदार राहतो.

यावरून दोन बोध निघतात. दुकानदाराने ग्राहकांच्या मालाचा विमा उतरविला असेल, तर कोणावरही ओझे न पडता भरपाई होऊ शकते. ग्राहकाचा विश्वास टिकतो आणि धंदाही. दुसरे असे की, संस्थेने यंत्र देताना त्याचा अनुक्रमांक, अंदाजे मूल्य, दोष आणि परत देण्याची तारीख लिहिलेली पावती घ्यावी. यंत्रातील माहितीची प्रत आधीच काढून ठेवावी. यंत्राची किंमत विम्यातून मिळू शकेल. परंतु विद्यार्थ्यांचे गुणपत्रक किंवा पंचायतीच्या करवसुलीची नोंद कोणतेही दुकान-विमापत्र परत आणून देत नाही.

नुकसान झाल्यावर

दुकानात पाणी शिरल्यास सर्वप्रथम मुख्य वीजप्रवाह बंद करावा. भिजलेले यंत्र चालू करून पाहण्याचा मोह टाळावा. त्यामुळे वाचू शकणारा भागही जळतो. फुगलेले किंवा भिजलेले विद्युतघट बाजूला, मोकळ्या हवेत ठेवावेत. विमा कंपनीस विनाविलंब लेखी सूचना द्यावी. चोरी असल्यास पोलिसांकडे फिर्याद नोंदवावी. पाण्याची खूण भिंतीवर दिसत असतानाच छायाचित्रे काढावीत. सर्वेक्षकाने पाहणी करेपर्यंत निकामी माल फेकून देऊ नये. तलाठ्याने केलेला पंचनामा दाव्यास बळकटी देतो. परंतु तो सर्वेक्षकाच्या पाहणीची जागा घेऊ शकत नाही. खरेदीची बिले, साठ्याची वही आणि ग्राहकांच्या मालाची नोंदवही यांची एक प्रत दुकानाबाहेर सुरक्षित ठेवलेली असावी. कागदच पुरात वाहून गेले, तर खरे नुकसानही सिद्ध करणे कठीण जाते.

दावा नाकारला गेला किंवा अपुरा मंजूर झाला, तर प्रथम कंपनीच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे अर्ज करता येतो. एकल मालकीचे व सूक्ष्म उद्योगही येथे दाद मागू शकतात आणि यासाठी शुल्क नाही. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे.

गावपातळीवर काय करता येईल

विमा हा दुकानदाराचा खाजगी व्यवहार असला, तरी त्यातून गावाचेही हित साधते. एक दुकान बुडाले तर शाळेतील यंत्रे आठवडेच्या आठवडे पडून राहतात, दाखले अडतात आणि प्रत्येक लहानसहान दुरुस्तीसाठी पनवेलला खेप घालावी लागते. ग्रामपंचायतीने मे महिन्यात व्यापाऱ्यांची एक बैठक बोलावून विमा कंपनीच्या अधिकाऱ्यास निमंत्रित केले, पूररेषेतील दुकानांची यादी तयार केली आणि धोक्याची सूचना दुकानदारांपर्यंत पोहोचविण्याची जबाबदारी निश्चित केली, तर त्यास फारसा खर्च येणार नाही. शिक्षकांनी विमापत्रातील अटी समजावून देण्यास साहाय्य केले, तर तेही लोकशिक्षणच ठरेल.

पाताळगंगेला पूर येणे कोणाच्या हाती नाही. पुराआधी साठ्याची वही पूर्ण करणे, योग्य रकमेचा विमा उतरविणे आणि ग्राहकाचा माल त्यात नोंदविणे, या गोष्टी मात्र प्रत्येक दुकानदाराच्या हाती आहेत. पाणी ओसरल्यावर दुकानाचे दार पुन्हा उघडेल की नाही, हे पुष्कळ अंशी या पूर्वतयारीवरच अवलंबून राहणार आहे.