एका अणूचा फरक: फवारणीचं औषध नसांवर कसं चढतं?

2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने दगावले, ती बातमी आठवते? त्या फवारणीत ऑरगॅनोफॉस्फरस गटातली औषधंही होती. आज याच गटाबद्दल बोलू. एकाच गटातलं एक औषध दुसऱ्यापेक्षा शंभरपटीहून जास्त विषारी कसं असतं?

आधी नस कशी चालते ते बघू. नसेकडून स्नायूला निरोप देतं ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन. निरोप पोचला की कोलिनएस्टरेज हे एन्झाइम त्याला लगेच तोडतं. आम्हा कोडिंगवाल्यांच्या भाषेत, काम झालं की लूप बंद. या औषधातला फॉस्फरस नेमका त्या एन्झाइमलाच चिकटतो आणि लूप चालूच राहतो. मग घाम, लाळ, बारीक झालेली बुबुळं, फडफडणारे स्नायू आणि शेवटी कोंडलेला श्वास.

आता रचना. फॉस्फरसला दुहेरी बंधाने ऑक्सिजन जोडलेला असेल, तर तो इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो. त्यामुळे फॉस्फरस एन्झाइमला पटकन धरतो. मोनोक्रोटोफॉस असं आहे, शरीरात शिरतानाच तयार. ऑक्सिजनच्या जागी गंधक असेल तर पकड ढिली पडते. क्लोरपायरीफॉस आणि मॅलाथिऑन या प्रकारचे. पण आपलंच यकृत तो गंधक काढून ऑक्सिजन बसवतं आणि विष जागं होतं! म्हणून अशा औषधाची लक्षणं कधी कधी उशिरा दिसतात.

मग मॅलाथिऑन त्यातल्या त्यात सौम्य कसं? त्याच्या रेणूला दोन जादा एस्टर गट असतात. आपल्या शरीरातली एन्झाइमं ते तोडून रेणू निकामी करतात. बहुतेक किड्यांना ते तितकंसं जमत नाही. चाचणीतले निम्मे उंदीर मरायला किलोमागे मोनोक्रोटोफॉस साधारण 14 मिलिग्रॅम पुरतं, मॅलाथिऑन साधारण 2100 लागतं.

आणखी एक गोष्ट. चिकटलेला फॉस्फरस काही वेळाने स्वतःचा एक तुकडा टाकतो आणि कायमचा घट्ट बसतो. त्यानंतर एन्झाइम सोडवणारं प्रॅलिडॉक्झिमचं इंजेक्शन लागू पडत नाही. मोनोक्रोटोफॉससारख्या औषधांत हे काही तासांतच होतं.

त्यामुळे फवारणीनंतर कुणाला गरगरलं, घाम फुटला, तर 'उन्हाने झालं असेल' म्हणून झोपवू नका. कपडे काढा, अंग साबणाने धुवा आणि थेट दवाखाना गाठा. औषधाची बाटली किंवा लेबलचा फोटो सोबत न्या. डॉक्टरांना त्या नावावरूनच कळतं, हातात किती वेळ आहे.

हा भाग गावाकडच्या ग्रुपवर नक्की टाका. भेटू पुढच्या भागात!