घरच्या ध्वनिमुद्रणासाठी कंडेन्सर मायक्रोफोन कसा निवडावा?

श्रद्धेचा उगम श्रवणात आहे, ही संत पौलाची शिकवण आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. परंतु अक्षरओळख नसलेल्या भाविकांच्या अंतःकरणात ते उतरले, ते गाऊन ऐकविलेल्या ओव्यांमधून. १२ फेब्रुवारी १९३१ रोजी पोप अकरावे पायस यांच्या हस्ते व्हॅटिकन रेडिओचे उद्घाटन झाले. ते केंद्र स्वतः मार्कोनी यांनी उभारले होते. आजारपणामुळे नाताळच्या उपासनेला जाऊ न शकलेल्या संत क्लारेला अंथरुणावरूनच ती उपासना दिसली व ऐकू आली, असे परंपरा सांगते. म्हणूनच पोप बारावे पायस यांनी १९५८ साली तिला दूरचित्रवाणीची आश्रयदाती म्हणून घोषित केले.

मार्च २०२० मध्ये मंदिरांची दारे बंद झाली, तेव्हा संत क्लारेची ती व्याकुळता आपल्या घराघरांत अनुभवास आली. तो काळ सरला. परंतु अंथरुणाला खिळलेले आजारी, परगावी असलेली मुले आणि वृद्ध आईवडील यांच्यासाठी घरून जपमाळ, बायबलवाचन, धर्मशिक्षणाचे पाठ आणि भक्तिगीते प्रक्षेपित करण्याची प्रथा अनेक कुटुंबांत टिकून राहिली. अशा वेळी “चांगला मायक्रोफोन कोणता घ्यावा?” हा प्रश्न वारंवार विचारला जातो. चित्र थोडे धूसर असले तरी श्रोता सहन करतो. परंतु शब्द कळेनासे झाले की तो प्रार्थनेतून बाहेर पडतो. त्यासाठीच हा लेखप्रपंच.

कंडेन्सर म्हणजे काय?

मायक्रोफोनचे दोन प्रकार आपल्या नेहमीच्या पाहण्यात येतात. मंदिरातील व्यासपीठावर किंवा सभेत हातात धरला जातो, तो बहुधा डायनॅमिक. त्यात पडद्याला जोडलेले तारेचे वेटोळे चुंबकाच्या क्षेत्रात हलते व त्यातून विद्युत्‌प्रवाह निर्माण होतो. तो दणकट असतो; त्याला वेगळी वीज लागत नाही. कंडेन्सरमध्ये मात्र धातूचा मुलामा दिलेला अतिशय पातळ पडदा आणि त्यामागे धातूची स्थिर पट्टी असते. आवाजाने पडदा थरथरला की दोहोंतील अंतर बदलते आणि त्या बदलाचे विद्युत्‌संकेतात रूपांतर होते. हे तंत्र ई. सी. वेन्टे यांनी १९१६ साली विकसित केले. १९६२ मध्ये जेम्स वेस्ट व गेरहार्ड सेस्लर यांनी कायमस्वरूपी विद्युत्‌भार धारण करणारा ‘इलेक्ट्रेट’ पडदा तयार केला, आणि पुढे कंडेन्सर मायक्रोफोन सामान्यांच्या आवाक्यात आला.

पडदा हलका असल्यामुळे कंडेन्सर श्वासाचा चढउतार आणि व्यंजनांची स्पष्टता अचूक टिपतो. हेच त्याचे सामर्थ्य आणि हीच त्याची अडचण.

तो सगळेच ऐकतो

काही वर्षांपूर्वी आम्ही एका आजींकडे सामवेदी बोलीतील जुनी लग्नगीते मुद्रित करण्यासाठी गेलो होतो. नवा कंडेन्सर टेबलावर ठेवला, आजी तासभर मनापासून गायल्या. घरी येऊन ऐकले, तर गीतांमागे पंख्याची घरघर, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या आणि फरशीवरून परतणारा घुमारा. दोष मायक्रोफोनचा नव्हता. त्याने जे होते ते प्रामाणिकपणे टिपले होते. तयारीनिशी दुसऱ्यांदा गेलो, तोपर्यंत आजींचा आवाज थकला होता. चार गीतांपैकी दोनच पूर्ण झाली. उरलेली दोन आज आमच्याकडे पंख्याच्या घरघरीसह आहेत.

म्हणून आमचे पहिले सांगणे: मायक्रोफोनपूर्वी खोली निवडा. उघड्या भिंती व लादीची जमीन असलेल्या दिवाणखान्यापेक्षा कपड्यांचे कपाट, गादी आणि जाड पडदे असलेली झोपण्याची खोली बरी. गोधड्या भिंतीवर टांगल्या तरी घुमारा कमी होतो. मात्र त्यांनी बाहेरच्या वाहनांचा आवाज अडत नाही. घर हमरस्त्यावर किंवा रेल्वेमार्गालगत असेल, तर कंडेन्सरचा आग्रह सोडून डायनॅमिक मायक्रोफोन तोंडाजवळ धरावा, हेच शहाणपणाचे.

यूएसबी की एक्सएलआर?

यूएसबी मायक्रोफोन थेट संगणकाला जोडता येतो; वीजही त्याच तारेतून मिळते. एकट्याने जपमाळ सांगणे, पाठ घेणे किंवा बायबलवाचन करणे यासाठी तो पुरेसा आहे. मोबाईलला जोडताना मात्र काही वेळा फोन पुरेशी वीज देऊ शकत नाही. तेव्हा स्वतंत्र वीज घेणारा यूएसबी हब लागतो.

एक्सएलआर म्हणजे तीन पिनांची तार असलेला मायक्रोफोन. त्यासाठी ऑडिओ इंटरफेस अथवा मिक्सर हवा, आणि त्यावर ४८ व्होल्टचा ‘फॅन्टम पॉवर’ देणारा खटका असणे आवश्यक आहे. ही वीज आवाजाच्याच तारेतून मायक्रोफोनपर्यंत जाते. इलेक्ट्रेट प्रकारातही आतील प्रवर्धकाला वीज लागतेच. खर्च अधिक येतो. परंतु पुढे दुसरा मायक्रोफोन जोडता येतो. एकाच संगणकावर दोन यूएसबी मायक्रोफोन एकत्र चालविणे कटकटीचे असते. गायकवृंद किंवा हार्मोनियम व गायक असा बेत असल्यास आरंभापासूनच दोन मायक्रोफोनची सोय असलेला इंटरफेस घ्यावा.

ध्वनी कोणत्या दिशेने घेतो?

‘कार्डिऑइड’ मायक्रोफोन समोरचा आवाज अधिक व मागचा सर्वांत कमी घेतो. घरगुती वापरासाठी बहुतेक वेळा हाच योग्य. पंखा किंवा खिडकी त्याच्या पाठीमागे येईल अशी मांडणी करावी. ‘ऑम्नी’ प्रकार चहूबाजूंनी ऐकतो. शांत खोलीत गोलाकार बसलेल्या कुटुंबाच्या जपमाळेला तो शोभतो. ‘आठच्या आकड्याचा’ प्रकार पुढून व मागून ऐकतो, बाजूंनी नाही. समोरासमोर बसून गाणाऱ्या दोघांना तो उपयोगी पडतो. मोठ्या पडद्याचे मायक्रोफोन सहसा बाजूने बोलण्यासाठी असतात, टोकावर नव्हे. अनेक जण चुकीच्या बाजूने बोलतात आणि मग आवाज दबलेला येतो म्हणून तक्रार करतात.

माहितीपत्रकातील आकडे

सर्व आकड्यांत ‘स्वतःचा गोंगाट’ हा आकडा प्रथम पाहावा. तो डेसिबलमध्ये दिलेला असतो व जितका कमी तितका चांगला. रोड कंपनीने एनटी१-ए साठी ५ डेसिबल, तर ऑडिओ-टेक्निका कंपनीने एटी२०२० साठी २० डेसिबल असा आकडा दिला आहे. जवळून बोलणाऱ्याला २० डेसिबलही चालतो. परंतु क्षीण आवाजात गाणाऱ्या वृद्धांचे मुद्रण करताना हा फरक स्पष्ट जाणवतो. पडदा मोठा असला की गोंगाट कमी ठेवणे सोपे जाते, म्हणून एकट्या आवाजासाठी असे मायक्रोफोन लोकप्रिय आहेत. लहान पडद्याचे मायक्रोफोन वाद्यांचे बारकावे उत्तम टिपतात. आकड्यांपेक्षा नावाच्या मोहात पडू नये. ‘कंडेन्सर’ असे लिहिलेल्या काही अतिस्वस्त मायक्रोफोनमध्ये अगदी लहान इलेक्ट्रेट घटक मोठ्या कवचात बसविलेला असतो.

सर्व रक्कम मायक्रोफोनवरच खर्च करू नये. भक्कम स्टँड, ‘प’ व ‘फ’ उच्चारताना येणारा हवेचा झोत अडविणारी पॉप जाळी आणि कान झाकणारा हेडफोन यांसाठी काही रक्कम राखून ठेवावी.

वापर आणि निगा

तोंड व मायक्रोफोन यांत १५ ते २० सेंटिमीटर अंतर ठेवावे. कार्डिऑइडच्या फार जवळ गेल्यास आवाज जड होतो; फार दूर गेल्यास खोली अधिक ऐकू येते. दोन मायक्रोफोन वापरताना त्यांच्यातील अंतर हे गायक व त्याच्या मायक्रोफोनमधील अंतराच्या निदान तिप्पट असावे. पातळी अशी लावावी की सर्वांत मोठा स्वरही उणे १२ ते उणे ६ डेसिबलपर्यंतच जाईल. फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही. मुद्रणासाठी ऑडॅसिटी आणि प्रक्षेपणासाठी ओबीएस या प्रणाली विनामूल्य मिळतात. आरंभी अर्ध्या मिनिटाचा प्रयोग करून तो हेडफोनवर ऐकल्याशिवाय मुद्रण सुरू करू नये. आम्ही तसे केले असते, तर पंखा पहिल्याच गीताला बंद झाला असता.

समुद्रकाठच्या दमट हवेत पडद्यावर ओलावा साचून मायक्रोफोन तडतडू लागतो. पावसाळ्यात तो सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. चालू आहे का हे पाहण्यासाठी त्यावर फुंकर मारू नये किंवा टिचक्या मारू नयेत, बोलून पाहावे.

शेवटी दोन गोष्टी. पडद्यावरील मिस्सा हा आजारी व असमर्थ बांधवांसाठी आधार आहे. मंदिरातील प्रत्यक्ष सहभागाची जागा तो घेऊ शकत नाही. मंदिरातून प्रक्षेपण करावयाचे असल्यास धर्मगुरूंची अनुमती घ्यावी आणि घरच्या वडीलधाऱ्यांचा आवाज प्रसारित करण्यापूर्वी त्यांना विचारावे.

पोप फ्रान्सिस यांनी २०२२ च्या जागतिक संपर्कमाध्यम दिनासाठी अंतःकरणाच्या कानाने ऐकण्याचा विषय दिला होता. आपल्या घरांतील आजीआजोबांना अजून कितीतरी गीते, प्रार्थना आणि कथा तोंडपाठ आहेत. महागडा मायक्रोफोन येईपर्यंत थांबू नका. पंखा बंद करा, खिडकी लावून घ्या आणि हाती असेल त्या साधनाने येत्या रविवारीच त्यांच्यापाशी बसा.