बेचिराख गावे : मेहकर तालुक्यातील उजाड वस्त्यांच्या अभ्यासाची दिशा

वऱ्हाडच्या महसुली दप्तरात ‘बेचिराख’ हा शब्द वारंवार आढळतो. आजच्या व्यवहारात त्याचा अर्थ ‘जळून राख झालेले’ असा केला जातो, आणि शब्दाच्या अखेरीस ‘राख’ ऐकू येत असल्यामुळे तो अर्थ स्वाभाविकही वाटतो. परंतु मूळ फारसी शब्द ‘बे-चिराग’ असा आहे. चिराग म्हणजे दिवा. ज्या गावी सायंकाळी एकही दिवा लागत नाही, ते गाव बेचिराग. या शब्दात आगीचा किंवा लुटीचा निर्देश नाही. वस्ती नाही, एवढीच नोंद आहे. नागपूरकडे अशा गावास ‘रीठ’ अथवा ‘रिठी’ म्हणतात, तर अन्यत्र ‘उजाड’ किंवा ‘ओसाड’ हे शब्द रूढ आहेत. मूळ अर्थ आणि रूढ अर्थ यांतील हे अंतर केवळ कोशकाराच्या कुतूहलाचा विषय नाही. उजाड गावांच्या इतिहासाविषयी आपल्याकडे जे गैरसमज आहेत, त्यांचे मूळ याच अंतरात आहे. मेहकर तालुक्याच्या आधारे या प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

प्रथम ‘गाव’ या कल्पनेचा उलगडा केला पाहिजे. जुन्या व्यवस्थेत गावाची दोन अंगे मानली जात : पांढरी आणि काळी. पांढरी म्हणजे वस्तीची जागा. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती यांचे थर साचून तेथील जमीन पांढुरकी होते. काळी म्हणजे लागवडीची जमीन. या दोहोंभोवती शीव असते. पांढरी ओस पडली तरी काळी ओस पडतेच असे नाही. शेजारच्या गावचे शेतकरी तीच जमीन पाहीने कसू शकतात. सरकारचा सारा काळीवर असल्यामुळे, पांढरीत एकही घर उरले नाही तरी मौजे म्हणून गावाचे नाव, त्याची शीव आणि त्याचे सर्व्हे नंबर कागदावर कायम राहतात. जनगणनेच्या ग्रामसूचीतही ‘वस्ती नसलेली गावे’ या सदराखाली ती आजवर दाखविली जातात. म्हणून आपल्याकडील उजाड गाव हे बहुधा पूर्णपणे नाहीसे झालेले गाव नसते. ते नाव असलेले, शेत असलेले, परंतु माणूस नसलेले गाव असते.

मेहकरचा प्रदेश अशा वस्त्यांच्या अभ्यासास अनुकूल आहे. बुलढाणा जिल्ह्याचा उत्तर भाग पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे पायनघाटात मोडतो. मेहकर बालाघाटच्या पठारावर, पैनगंगेच्या काठी आहे. पायनघाटातील खोल काळ्या जमिनीच्या मानाने येथील जमीन अनेक ठिकाणी हलकी, आणि पाण्याचा आधार अनिश्चित. ‘ऐन-ए-अकबरी’मध्ये वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार म्हणून मेहकरचा उल्लेख आहे. त्याच सुभ्याच्या वर्णनात लोणारच्या सरोवराचाही निर्देश येतो. पुढे हा मुलूख सैन्यांच्या वाटेवर राहिला. १७२४ मध्ये साखरखेर्डा येथे निजाम-उल्-मुल्क याने मुबारिजखानाचा पराभव केला. त्यानंतर वऱ्हाडात निजाम आणि नागपूरकर भोसले यांचा दुहेरी अंमल दीर्घकाळ चालला. एकाच पिकावर दोन सत्तांचा हक्क, ही स्थिती लहान खेड्यांना झेपणारी नव्हती.

१८०३ हे वर्ष या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. त्या वर्षी आसई आणि अडगाव येथील लढाया झाल्या, डिसेंबरात गाविलगड पडला आणि देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड निजामाकडे गेला. त्याच सुमारास भीषण दुष्काळ पडला, आणि पेंढाऱ्यांचा उपद्रव १८१७-१८ च्या मोहिमेपर्यंत पुरता थांबला नाही. दुष्काळाने बैल आणि बियाणे नेले, आणि उरलेल्या मोजक्या कुटुंबांना लहान गावात राहणे धोक्याचे झाले. अशा वेळी लोक कोस-दोन कोसांवरील गढीच्या किंवा गावकुसाच्या आश्रयाला जात. दिवसा जुन्या शिवारात कसणे आणि रात्री नव्या गावात निजणे, हा क्रम एकदा सुरू झाला की एका पिढीत तो कायम होई. पुढे निजामशाहीतील इजारदारीच्या वसुलीनेही हीच गती वाढविली. कारण गाव ओसरू लागले तरी आकारलेली रक्कम त्याच प्रमाणात ओसरत नसे. जी घरे मागे राहिली त्यांच्यावर गेलेल्यांचा भार पडे, आणि मग तीही उठत.

१८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. त्यानंतर मुंबई पद्धतीची मोजणी होऊन प्रत्येक मौजाची शीव नकाशावर निश्चित झाली. या मोजणीने उजाड गावांना एक प्रकारे चिरस्थायी केले. जी गावे त्यापूर्वीच ओस पडली होती, तीही स्वतंत्र मौजे म्हणून नोंदली गेली. १८६५ च्या पडीक जमिनीच्या नियमान्वये, विशेषतः यवतमाळच्या बाजूस, अशी संपूर्ण गावे इजाऱ्याने देऊन पुन्हा वसविण्याचा प्रयत्न झाला. काही गावांच्या नावापुढे आजही लागणारा ‘इजारा’ हा शब्द त्याची खूण आहे.

यानंतरचा मोठा आघात १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांचा. १८९१ मध्ये तत्कालीन मेहकर तालुक्याची लोकसंख्या सुमारे १,५३,००० होती. १९०१ मध्ये ती सुमारे १,२१,००० भरली. म्हणजे दहा वर्षांत दर पाच माणसांमागे एकाहून किंचित अधिक माणूस कमी झाला. याच काळात संपूर्ण बुलढाणा जिल्ह्याची संख्या सुमारे ४,८१,००० वरून ४,२४,००० वर आली, म्हणजे घट सुमारे बारा टक्के होती. जिल्ह्याच्या एकूण घटीपैकी निम्म्याहून अधिक घट या एका तालुक्यात झाली. हे आकडे वापरताना तत्कालीन तालुका आजच्यापेक्षा बराच विस्तृत होता, आणि लोणारसारखे भाग नंतर वेगळे झाले, याचे भान ठेवावे. तथापि मुद्दा स्पष्ट आहे : माणसांची संख्या अशी कोसळली तरी मौजांची यादी त्या प्रमाणात घटू शकत नव्हती, कारण यादी दिव्यांची नव्हती, शिवांची होती. केवळ यादी पाहणाऱ्या अभ्यासकाला हा आघात दिसणारच नाही.

इतर देशांतील अनुभवाशी तुलना केल्यास आपले वैशिष्ट्य अधिक उठून दिसते. इंग्लंडमध्ये मॉरिस बेरेसफर्ड यांनी १९५४ मध्ये नष्ट खेड्यांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि यॉर्कशायरमधील व्हॅरम पर्सी या उजाड खेड्याचे उत्खनन १९५० पासून चार दशके चालले. तेथे अनेक खेडी मेंढ्यांच्या कुरणांसाठी उठली; शेती गेली म्हणून वस्ती गेली. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील अनेक लहान गावे रेल्वेचा मार्ग दुसरीकडून गेल्यामुळे किंवा टपाल कचेरी बंद झाल्यामुळे नामशेष झाली. आपल्याकडे रेल्वे १८६० च्या दशकात पायनघाटातून गेली, १८७० मध्ये खामगावला फाटा मिळाला आणि कापसाचा व्यापार तिकडे ओढला गेला. मेहकर तालुक्यात रेल्वे आजही नाही. परंतु त्यामुळे येथील शेती सुटली नाही. वस्ती गेली तरी शेती राहिली, हा वऱ्हाडी उजाड गावाचा विशेष होय.

या विवेचनावरून ‘वस्ती नाही’ या एकाच नोंदीखाली निदान चार भिन्न प्रकार दडलेले असतात, हे लक्षात येईल. पहिला, दुष्काळ, रोगराई किंवा लूट यांमुळे खरोखर उठलेले गाव. दुसरा, संरक्षणासाठी किंवा पाण्यासाठी शेजारच्या गावात सामावलेले गाव; येथे माणसे गेली नाहीत, सरकली. तिसरा, मुळात वस्तीच नसलेला, केवळ महसुली सोयीसाठी मौजे ठरलेला भूभाग. चौथा प्रकार आधुनिक आहे आणि तो नेमका उलट आहे. पैनगंगेवरील पेनटाकळी प्रकल्पासारख्या धरणांमुळे जुनी पांढरी पाण्याखाली जाते, आणि तेच नाव घेऊन गाव नव्या गावठाणावर उभे राहते. येथे दिवा आहे, पण जुनी जागा नाही. हे चार प्रकार एकत्र मोजून ‘अमुक गावे नष्ट झाली’ असे विधान करणे शास्त्रीय ठरणार नाही.

प्रकार ओळखण्यासाठी कागद आणि जमीन या दोहोंचा मेळ घालावा लागतो. गाव नकाशावर गावठाणाची हद्द दाखविलेली आहे की नाही, हे प्रथम पाहावे. ती असल्यास प्रत्यक्ष जागी जाऊन पांढुरक्या मातीचा उंचवटा, खापऱ्या, जात्याचे तुकडे, बांधीव विहीर, जुनी चिंच किंवा कडुनिंब यांचा शोध घ्यावा. शेंदूर लावलेला मारुती बहुधा सर्वांत शेवटी जागा सोडतो. पोळ्याला वा हनुमान जयंतीला तेथे नारळ फोडण्यास कोणत्या गावची कोणती घराणी येतात, यावरून वस्ती कोठे सरकली याचा उलगडा होतो. ‘कर’ प्रत्ययान्त आडनावे, ‘रिठाचे वावर’ यांसारखी शेतांची नावे आणि शेजारच्या गावातील स्वतंत्र आळी हे पुरावेही याच जातीचे आहेत. या खुणांपैकी एकही न आढळल्यास ते मौजे तिसऱ्या प्रकारातील असण्याचा संभव अधिक.

हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही. पांढरीची माती खत म्हणून शेतात नेण्याची चाल जुनी आहे. यंत्रांनी सपाटीकरण सुरू झाल्यापासून शतकांचे थर काही दिवसांत नाहीसे होतात. २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी टप्पा खुला झालेला समृद्धी महामार्गही याच तालुक्यातून जातो. जिल्ह्याच्या उत्तरेस भोन येथे पूर्णेकाठी डेक्कन कॉलेजच्या उत्खननात प्राचीन नगर आणि स्तूप यांचे अवशेष मिळाले, परंतु जिगाव प्रकल्पामुळे त्या स्थळाच्या भवितव्याचा प्रश्न उभा राहिला. भोनसारख्या स्थळाची निदान चर्चा होते. लहान पांढरीची होत नाही.

यात सर्वाधिक हानी कोणाची होते, याचाही विचार केला पाहिजे. देशमुख, देशपांडे, पाटील यांची नावे वतनाच्या कागदांत उरतात. जमीनधारकाचे नाव सर्व्हे नंबरापुढे राहते. परंतु कुंभार, चांभार, महार, मांग, सालदार आणि शेतमजूर यांचे गावातील अस्तित्व प्रामुख्याने पांढरीतील घरांपुरते होते. त्यांची खापरे, चुली आणि भिंतींचे पाये हेच त्यांचे दप्तर. पांढरी सपाट झाली की काळीच्या धन्याचा इतिहास शिल्लक राहतो आणि इतरांचा पुसला जातो. म्हणूनच पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी एकेका महसूल मंडळातील वस्ती नसलेल्या मौजांची सूची हाती घेऊन, वर सांगितलेल्या चार प्रकारांत तिचे वर्गीकरण करावे आणि प्रत्येक पांढरीचे मोजमाप, छायाचित्र व तोंडी माहिती नोंदवून ठेवावी. एका मंडळाचे असे काम एका विद्यार्थ्याच्या आवाक्यातील आहे, आणि ते पूर्ण झाल्याशिवाय वऱ्हाडच्या ग्रामजीवनाविषयी केलेली मोठी विधाने अपुऱ्या आधारावरच उभी राहतील.