बिऱ्हाडासकट निवारा

वाशीम जिल्ह्यातल्या कॅन्सरच्या रुग्णाला मुंबईचं टाटा हॉस्पिटल गाठायचं म्हटलं की औषधाइतकाच मोठा प्रश्न उभा राहतो: सोबतच्या माणसांनी राहायचं कुठं? गावी घर असूनही परळच्या फुटपाथवर पथारी टाकणारं कुटुंब तेवढ्या काळापुरतं बेघरच असतं. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अशा रुग्णांना नातेवाइकांसह अल्प खर्चात ठेवून घेते.

गाडगेबाबा आपल्या वऱ्हाडातले. जन्म १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात, परिटाच्या घरी. कीर्तनातून जमलेल्या पैशावर त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथं धर्मशाळा बांधल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर इतरत्र उंबरठाही न ओलांडू दिल्या जाणाऱ्यांसाठी होती. १९४९ मध्ये ती इमारत त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. स्वतःच्या कुटुंबाला मात्र झोपडीतच ठेवलं. माणसं बायकापोरांसह वारीला येतात, आजारपणातही एकमेकांच्या उशाशी बसतात, हे धर्मशाळेला सांगावं लागत नाही.

सरकारी निवाऱ्याला ते अजून पुरतं उमगलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मोठ्या शहरांत लाख लोकसंख्येमागे एक निवारा उघडायला सांगितलं. २०१३ च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात माणशी किमान ५० चौरस फूट जागा, स्वयंपाकाची सोय, सामानाला कुलूपबंद कप्पा, मुलांसाठी अंगणवाडीशी जोडणी, सगळं कागदावर आलं. कुटुंबांसाठी वेगळ्या निवाऱ्याचीही मुभा होती. तरी निवारा म्हटलं की डोळ्यांपुढं येतो खाटांच्या रांगांचा हॉल: नवरा पुरुषांकडे, बायको-पोरं दुसरीकडे. म्हणून कित्येक जण तिथं जाण्यापेक्षा पुलाखाली एकत्र राहणं पसंत करतात. त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही.

२०११ च्या जनगणनेत वाशीम शहराची वस्ती लाखाच्या आतच होती. पण हे जिल्ह्याचं ठिकाण आहे. कामाच्या शोधात आलेली, शहराच्या कडेला पाल ठोकून राहणारी कुटुंबं इथंही दिसतात. त्यांच्यासाठी भव्य इमारत नको. दार लावता येईल अशा दहा खोल्या, सामाईक चूल, मुलींना रात्री भीती वाटणार नाही असं उजेडातलं संडास-न्हाणीघर, आणि सकाळी कुणालाही बाहेर न काढणारा व्यवस्थापक हवा. आधार कार्ड नसलं तरी आधी आत घ्यावं, कागद मग करावेत. निवाऱ्याचाच पत्ता लावून रेशन आणि शाळेतलं नाव मिळवून देणं हे त्या अभियानाच्या चौकटीत बसत होतं. नगरपरिषदेनं सुरुवात या कामापासून करावी.