संत्र्याआधी खड्डा

पांढुर्णा-सौंसरकडे जमिनीचा अंदाज पायाखालच्या मातीवरून घेतात. काळी, मोरंड, खरडी, बरडी ही नावे नागपूरकडे पूर्वापार चालत आली आणि इंग्रजी अमदानीतल्या जमीन बंदोबस्तातही वापरली गेली. नावे चांगलीच आहेत, पण ती प्रामुख्याने नांगराच्या थराची. संत्र्याचे मूळ त्याच्या खाली जाते. तिथे काय आहे ते ओळखणे, हेच मृदा वर्गीकरणाचे शिक्षण.

त्याचे देशातले मुख्य केंद्र इथून जवळच आहे. १९७६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोचे मुख्यालय नागपूरला आहे. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या सहकार्याने तिथे पदव्युत्तर शिक्षणही मिळते.

पहिला धडा जागा निवडण्याचा. पांढुर्ण्याकडचा खडक बहुतेक काळा बसाल्ट. सौंसरकडे त्याच्या जोडीला संगमरवर आणि मँगनीज असलेले फार जुने खडकही आहेत. खडक एकच असला तरी उतार माती बदलतो. माथ्यावर वीतभर माती आणि खाली मुरूम, मधे मध्यम जमीन, नाल्याकाठी खोल काळी. म्हणून माथा, उतार आणि सखल भाग, तिन्हीकडे खड्डे घ्यायचे.

खड्डा साधारण दीड मीटर खोल, खडक आधी लागला तर तिथपर्यंत. ऊन पडेल ती भिंत सुरीने खरवडून ताजी करायची. मग वरून खाली थर वेगळे करायचे. ओल्या ढेकळाचा रंग मुन्सेलच्या रंगपुस्तिकेशी ताडून पाहायचा: १० वायआर ३/२ अशी नोंद झाली की दुसऱ्या गावचा सर्वेक्षकही तोच अतिशय गडद करडा-तपकिरी रंग समजतो. ओली माती अंगठा आणि बोटाच्या मधून दाबत पट्टी काढायची. ती पाच सेंटीमीटरच्या पुढेही तुटली नाही, तर चिकणमाती भरपूर.

काळ्या जमिनीत खालचे ढेकूळ हलकेच फोडा. आत तिरपा, घोटल्यासारखा चकचकीत पृष्ठभाग दिसतो, त्यावर बारीक ओरखडे. पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात आकसणारी माती स्वतःवरच घासली गेल्याची ती खूण. असा थर मीटरभर खोलीच्या आत, किमान २५ सेंटीमीटर जाडीचा, वरच्या अर्ध्या मीटरमध्ये सर्वत्र चिकणमाती ३० टक्के किंवा अधिक आणि ठराविक काळाने उघडणाऱ्या भेगा, हे सगळे जुळले की जमीन ‘व्हर्टिसॉल’ गटात जाते. नुसत्या काळ्या रंगावर हे ठरत नाही.

शेवटी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब. फेस आला की चुना आहे. वर काहीच नाही आणि तीन फुटांवर जोरात फसफस, असेही होते. सामू, क्षारता आणि कणांचे नेमके प्रमाण प्रयोगशाळेत कळते, पण तिथला आकडा कोणत्या थराचा हे खड्ड्यातच ठरलेले असते.

संत्र्यासाठी हे जीवनमरणाचे आहे. घट्ट चिकण थरात पाणी साचले की तंतुमुळे कुजतात, डिंक्या बळावतो. चुनखडीत लोह झाडाला मिळत नाही. कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लागवडीचा खड्डा मात्र दोन-अडीच फुटांचाच असतो, म्हणजे खालचा दोष त्यात दिसत नाही. बाग तर पुढची अनेक वर्षे तिथेच राहणार. तेव्हा कलमे आणण्याआधी, शेताच्या वरच्या आणि खालच्या टोकाला एकेक खोल खड्डा घ्या आणि जाणत्या माणसाला त्यात उतरवा.