पन्नास वॅटचा हिशेब

बँकेतून निवृत्त झाल्यानंतर काही वर्षांनी मी आणि माझा तेरा वर्षांचा नातू अशा दोघांनी हौशी रेडिओची, म्हणजे ज्यास हॅम रेडिओ म्हणतात त्याची, परीक्षा एकत्र दिली. बारा वर्षे पूर्ण झालेल्या भारतीय नागरिकास ही परीक्षा देता येते आणि उत्तीर्ण झाल्यावर केंद्र शासनाच्या दूरसंचार विभागाकडून परवाना व स्वतःचे कॉल साइन मिळते. २०१९ च्या महापुरात आमच्या सांगलीच्या घरात वीज नव्हती, फोन मुके झाले होते, आणि दोन गल्ल्यांपलीकडे राहणारी बहीण सुखरूप आहे की नाही हे कळण्यास दीड दिवस लागला. तेव्हापासून ही गोष्ट मनात होती.

आपल्या समाजातील बहुतेक घरे व्यापारी असल्याने एक खुलासा आधीच करतो. या रेडिओवरून हळदीचे किंवा सोयाबीनचे भाव कळवता येत नाहीत. अर्थलाभासाठी त्याचा वापर कायद्याने निषिद्ध आहे. आमच्या थोरल्या बंधूंचा उत्साह हे ऐकताच मावळला.

परवाना हाती आल्यावर नवशिक्या करतो तीच चूक मी केली. सर्व लक्ष रेडिओ संचाकडे दिले. पन्नास वॅट शक्तीचा उत्तम संच घेतला, गच्चीवर ॲंटेना उभारला आणि दोहोंना जोडणारी केबल शेवटी, उरलेल्या पैशांत, बाजारात मिळाली ती आणली. तार ती तार, त्यात काय पाहायचे, असा माझा समज होता. चाळीस वर्षे कर्जप्रकरणे तपासणाऱ्या माणसास हे शोभले नाही.

ही केबल कोॲक्सिअल जातीची असते. मध्यभागी तांब्याची तार, तिच्याभोवती पांढरे प्लॅस्टिक, त्यावर विणलेल्या बारीक तारांची जाळी आणि सर्वांवर काळे आवरण. घरातील दूरचित्रवाणीची केबल याच कुळातील असली तरी तिचा इंपीडन्स, म्हणजे लहरींच्या वाटेवरील तिचा ठरावीक रोध, ७५ ओहम असतो. हौशी रेडिओचे संच ५० ओहमसाठी बनवलेले असतात. पन्नास हा आकडा एक तडजोड आहे. केबलच्या पोटात केवळ हवा असेल, तर सर्वांत कमी घट सुमारे ७७ ओहमला होते आणि सर्वाधिक शक्ती सुमारे ३० ओहमला पेलते. दोन्ही पक्षांनी थोडे सोडून सौदा मिटवावा, तसा हा मधला आकडा. चुकून टीव्हीची केबल लावली तर अनर्थ होत नाही, परंतु आरजी-५८ मागितली असता आरजी-५९ हाती पडू शकते. दिसण्यात त्या बहिणी आहेत, म्हणून आवरणावरील छापील अक्षरे वाचूनच पैसे द्यावेत.

मी आणलेली केबल आरजी-५८ होती, जेमतेम पाच मिलिमीटर जाडीची. संच पहिल्या मजल्यावर, ॲंटेना तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर, आणि मधल्या भिंतींना वळसे घालत ३० मीटर लांबी. जोडणी झाल्यावर एसडब्ल्यूआर मीटर लावला. ॲंटेनाकडून किती शक्ती परत फिरते हे तो दाखवतो. आकडा १ असला की काहीही परत येत नाही. ३ असला की चौथा हिस्सा परत येतो. आमच्या मीटरने १.३ दाखवले. नातवाने टाळ्या वाजवल्या, मी समाधानाने आकडा वहीत टिपला. मात्र ४५-५० किलोमीटरवरच्या कोल्हापुरातील मंडळी एकच उत्तर देत, “आवाज फार क्षीण आहे, पुन्हा सांगा.” महिनाभर मी संचाला दोष दिला.

अखेर एक ज्येष्ठ हौशी आमच्याकडे आले. त्यांनी मीटरकडे पाहिले, केबलची जाडी पाहिली आणि म्हणाले, “साहेब, संच कमीत कमी शक्तीवर ठेवा आणि वर जाऊन ॲंटेना सोडवून टाका.” मी चकित झालो. नातू गच्चीवर गेला, त्याने ॲंटेना सोडवला. मीटरने १.७ दाखवले. केबलच्या दुसऱ्या टोकाला काहीही नव्हते आणि मीटर मला जवळपास सर्व ठीक असल्याचे सांगत होता!

बँकेत असताना व्यापाऱ्यांना नजरगहाण कर्ज दिले की दरमहा मालाचे पत्रक येई. कागदावर पोती जुळत. तरीही गोदामात जावे लागे, कारण क्वचित कोठे तरी पुढची रांग भरलेली आणि मागे मोकळी जमीन असे. माझ्या मीटरचे तेच झाले होते. तो खालच्या टोकाला बसून पत्रक वाचत होता. शक्ती वर जाताना केबलमध्ये जिरत होती. जी थोडी ॲंटेनापर्यंत पोहोचून परत फिरे, तीही उतरताना पुन्हा जिरे. मीटरपर्यंत इतके थोडे परत येई की त्याला सर्व आलबेल वाटे. म्हणजे केबल जितकी खराब, तितका मीटरचा आकडा गोड.

मग त्यांनी केबलच्या वरच्या टोकाला डमी लोड आणि वॅटमीटर जोडला. खालून पन्नास वॅट सोडले, वर बारा पोहोचले. ॲंटेनाच्या मुळाशी मीटर लावला तेव्हा एसडब्ल्यूआर ३ निघाला, कारण त्याची दांडी मी मापापेक्षा लांब ठेवली होती. त्या बारातील चौथा हिस्सा तेथूनच माघारी फिरत होता. पन्नासपैकी जेमतेम नऊ वॅट आकाशात जात होते. उरलेले तीस मीटर केबलला ऊब देण्यात खर्ची पडत, आणि तीही इतक्या लांबीवर पसरलेली की हातास जाणवू नये. ऐकतानाही हीच तूट लागत होती, हे आणखी वेगळे.

केबल निवडताना त्यामुळे दोनच गोष्टी आधी ठरवाव्या लागतात: कोणत्या वारंवारतेवर बोलणार आणि किती लांबी लागणार. वारंवारता वाढली की घट वाढते, लांबी वाढली की घट वाढते. ३० मीटर आरजी-५८ मधून ७ मेगाहर्ट्झवर पन्नासपैकी सुमारे ३८ वॅट वर पोहोचतात, १४५ मेगाहर्ट्झवर बारा-तेरा, आणि ४३५ मेगाहर्ट्झवर पाचही नाहीत. दहा मिलिमीटर जाडीची आरजी-२१३ असेल तर १४५ वर २६ च्या आसपास पोहोचतात. तितक्याच जाडीच्या, पण पोटात फेसाळ प्लॅस्टिक असलेल्या एलएमआर-४०० मधून सुमारे ३५. ती महाग असते आणि तिची तीव्र वळणे घेऊ नयेत. उलट पाच-सहा मीटरच लागणार असतील तर १४५ मेगाहर्ट्झवरही आरजी-५८ पुरते. तेवढ्यात पाचवा हिस्सा जातो, तो ऐकणाऱ्यास कळतही नाही. सर्वांत जाड तीच उत्तम, असे मानून शंभर मीटरचे भेंडोळे घरी आणणे हा निव्वळ परिग्रह होय.

आम्ही केबल बदलण्याआधी टेबल हलवले. संच वरच्या मजल्यावरील माळ्याच्या खोलीत नेला. सुतळी धरून वाट मोजली, ती १८ मीटर भरली. थोडी सैल ठेवून तेवढीच आरजी-२१३ कापून घेतली. ॲंटेनाची दांडी मापाने छाटली. आता वर ३४ वॅटच्या आसपास पोहोचतात. आकाशात जाणाऱ्या शक्तीत सुमारे पावणेचारपट लाभ झाला आणि त्यात टेबल सरकवण्यास एक रुपयाही लागला नाही.

दुकानात जाल तेव्हा टोक सोलून दाखवायला सांगा. जाळी दाट विणलेली असावी; बोटाने सारताच पांढरे प्लॅस्टिक उघडे पडत असेल तर ती ठेवून द्यावी. खिशात लहान चुंबक न्यावे. मधल्या तारेला ते चिकटले तर आत पोलाद आहे आणि वर तांब्याचा मुलामा. टीव्हीच्या केबलमध्ये तसे सर्रास असते व तेथे ते चालते, परंतु अस्सल तांबे म्हणून कोणी तिचे मोल सांगत असेल तर व्यवहार तेथेच थांबवावा.

चातुर्मासात गच्चीवर चढणे होत नाही, म्हणून वरचे सांधे त्याआधी बंद करावेत. त्यासाठी स्वतःलाच घट्ट चिकटून एकजीव होणारी रबरी पट्टी मिळते. केबल घरात शिरण्यापूर्वी तिला खाली एक झोल द्यावा, म्हणजे पाणी तेथून ठिबकते. माझ्या पहिल्या केबलच्या उघड्या सांध्यातून पाणी जाळीत उतरले होते आणि मुंग्यांनी तेथे घर केले होते. तो सांधा उकलताना आमच्या सौभाग्यवती शेजारी उभ्या होत्या. एकही मुंगी दगावू नये म्हणून अर्धा तास मोरपिसाने त्या झाडत बसलो. सांधा आधीच बंद केला असता तर रेडिओही वाचला असता आणि ही हिंसेची भीतीही टळली असती.

ती जुनी केबल मी टाकून दिली नाही. भिजलेला मीटरभर तुकडा कापून काढला, टोके नव्याने डाखली आणि नातवाने ७ मेगाहर्ट्झसाठी बांधलेल्या तारेच्या ॲंटेनाला ती जोडली. तेथे तिची घट नगण्य आहे. गेल्या रविवारी पहाटे तिच्यावरून त्याला केरळमधील एका हौशी केंद्राचे उत्तर आले. मी तेव्हा सामायिकात होतो, म्हणून ते मला नाश्त्याच्या वेळी, सर्व तपशिलांसह, दोनदा ऐकावे लागले.