सुनीतीबाईंचं दशक

डॉ. सुनीती सोलोमन यांना जाऊन दहा वर्षं उलटून गेली. माझ्या पाहण्यात एकाही मराठी वर्तमानपत्राने त्यांची धड आठवण काढली नाही. मद्रासमधल्या मराठी गायतोंडे घराण्याची ही लेक. परदेशातलं प्रशिक्षण, १९७३ मध्ये परत येणं, मद्रास मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणं, ही वर्षं सरळ गेली. मला बोलायचंय ते पुढच्या दहा वर्षांबद्दल, कारण ती आम्ही पाहिली आहेत.

१९८५-८६ मध्ये त्यांनी निर्मला या विद्यार्थिनीला प्रबंधासाठी विषय सुचवला: मद्रासमध्ये एचआयव्ही आहे का? हा परदेशातला रोग, आपल्या संस्कृतीत तो शिरणार नाही, असं तेव्हा जाणकारही छातीठोक सांगत. सुधारगृहातल्या देहविक्रय करणाऱ्या बायकांचं रक्त निर्मलाने गोळा केलं, घरच्या फ्रिजमध्ये ठेवलं आणि बर्फाच्या पेटीतून तपासणीसाठी वेल्लोरला नेलं. सहा नमुने बाधित निघाले. संस्कृतीचा दावा तिथेच संपायला हवा होता. संपला नाही, त्याची जागा शिक्षेने घेतली. बाधित सापडला म्हणून १९८९ मध्ये गोव्यात डॉमिनिक डिसोझा या तरुणाला पोलिसांनी उचललं आणि क्षयरोग्यांच्या जुन्या इस्पितळात ६४ दिवस डांबलं. कायदाच तसा होता. त्या काळात मुंबईच्या एका रुग्णालयात खाटेच्या पायथ्याशी लाल अक्षरांत रोगाचं नाव टांगलेलं मी पाहिलंय. वॉर्डबॉय जेवणाचं ताट दाराशीच ठेवून जायचा.

अशा दिवसांत सुनीतीबाई रुग्णाला हात लावून तपासत होत्या. त्यांनी या कामात पडू नये असं सुरुवातीला पतीलाही वाटे. रुग्णांच्या कहाण्या एकदा ऐका, असं त्या त्यांना सांगत. १९९३ मध्ये त्यांनी वडिलांच्या नावाने वाय. आर. गायतोंडे केंद्र काढलं. तिथे तपासणीआधी समुपदेशन होई आणि बाधितांची आपसांत लग्नंही जुळवली जात. उपचार तेव्हा जवळजवळ नव्हतेच. विषाणू शोधण्यापेक्षा मला हे काम मोठं वाटतं. रुग्णाला देण्याजोगं औषध हाती नसताना त्याच्यासमोर रोज बसायला वेगळीच छाती लागते.

नंतरचं भराभर घडलं. १९९६ नंतर एकत्रित औषधं आली, २००१ मध्ये सिप्लाने ती स्वस्त केली, २००४ पासून सरकार ती मोफत देऊ लागलं. सुनीतीबाईंना पद्मश्री मिळाली ती २०१७ मध्ये, मृत्यूनंतर. बाधिताला उपचार नाकारता येणार नाहीत असा कायदा २०१८ मध्ये लागू झाला.

आणि तरी २०२२ मध्ये औषधांच्या तुटवड्यामुळे रुग्णांना दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या दारात ठिय्या द्यावा लागला. गेल्या वर्षी माझ्या ओळखीच्या तरुणाला एका खासगी दवाखान्याने रक्ताचा रिपोर्ट पाहिल्यावर हर्नियाच्या शस्त्रक्रियेची तारीख दिलीच नाही. तक्रार कर, कायदा तुझ्या बाजूने आहे, असं मी परोपरीने सांगितलं. नाव फुटेल या धास्तीने त्याने अर्ज केला नाही. दवाखाना नेहमीसारखा चालू आहे.